अर्धा खुबा दुखू लागला तर : आधी वर्ग, मग शस्त्रक्रिया



या पानावर आपण नेहमी लागणीचा हंगाम, बेणे, खोडव्याची निगा अशा विषयांवर बोलतो. यावेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. आपल्या सभासदांमध्ये साठी-पासष्टी ओलांडलेले बरेच जण आहेत. गोठ्यात शेणावरून पाय घसरला, सरीत तोल गेला, रात्री लघवीला उठताना पडले आणि खुबा मोडला, असे प्रकार कोणत्या ना कोणत्या गावात घडतच असतात. मग दवाखान्यात नेऊन 'बॉल बसवला' जातो आणि माणूस काठीच्या आधाराने पुन्हा बांधावर फिरू लागतो. परंतु काही जणांचा हा बसवलेला सांधा दोन-चार वर्षांनी, तर काहींचा दहा-बारा वर्षांनी कुरकुर करू लागतो. तेव्हा घरात दोन मते पडतात. एक म्हणतो, "वय झालं, आता असंच चालायचं." दुसरा म्हणतो, "तो बॉल काढा आणि नवा टाका, ऊसबिलातून उचल घेऊ."

ही दोन्ही मते कारण न शोधता दिलेली असतात. उसाचा प्लॉट पिवळा पडला म्हणजे आपण काय करतो? नुसता युरिया फेकून भागत नाही. पाणी तुंबले असेल तर चर काढावा लागतो, लोह कमी असेल तर हिराकस द्यावा लागतो, मुळाशी हुमणी असेल तर तिचा बंदोबस्त करावा लागतो, आणि गवताळ वाढ असेल तर ते बेट उपटूनच टाकावे लागते. रंग एक, पण कारणे चार आणि उपायही चार. बसवलेल्या खुब्याचेही तसेच आहे. दुखणे एकच दिसते, पण त्यामागची कारणे वेगवेगळी असतात. म्हणूनच अस्थिरोगतज्ज्ञांनी या बिघाडांचे वर्ग पाडलेले आहेत. वर्ग ठरला की कोणती शस्त्रक्रिया करायची ते ठरते, आणि काही वर्गांत शस्त्रक्रिया लागतच नाही.

आम्ही शेतकी खात्याची माणसे, डॉक्टर नव्हे. हा लेख वाचून कोणी घरच्या घरी निदान करू नये. पण डॉक्टरांपुढे बसल्यावर ते काय पाहतात आणि का पाहतात हे सभासदाला समजावे, एवढ्यासाठी ही माहिती सोप्या शब्दांत देण्याचे योजिले आहे.

अर्धा सांधा म्हणजे काय?

खुब्याचा सांधा म्हणजे एक वाटी आणि तिच्यात फिरणारा गोळा. वाटी कमरेच्या हाडात असते, गोळा मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला. गोळ्याच्या खाली जी बारीक मान असते ती म्हातारपणी पडल्यावर मोडते. गोळ्याला होणारा रक्तपुरवठा मुख्यतः या मानेवरूनच वर जातो. मान मोडून सरकली की तो तुटतो, मग खिळे मारून जोडले तरी गोळा जगेलच याची खात्री नसते. म्हणून वयस्कर माणसात मोडका गोळा काढून धातूचा गोळा बसवतात. गोळ्याला खाली दांडा असतो, तो मांडीच्या हाडाच्या पोकळीत ठोकतात किंवा सिमेंटमध्ये बसवतात. वाटी मात्र माणसाची स्वतःचीच राहते. सांध्याची एकच बाजू बदललेली असते, म्हणून हा 'अर्धा' सांधा. वाटी आणि गोळा दोन्ही बदलले तर तो 'पूर्ण' सांधा.

अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात कोलंबिया गावी डॉ. ऑस्टिन मूर यांनी १९४० साली एका रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा वरचा भाग काढून तेथे धातूचा भाग बसवला. पुढे १९५० च्या दशकात त्यांचा सुधारित बॉल आणि न्यूयॉर्कचे डॉ. फ्रेडरिक थॉम्पसन यांचा बॉल सर्वत्र वापरात आले. आपल्याकडच्या जुन्या कागदांवर 'ऑस्टिन मूर' किंवा 'थॉम्पसन' असे लिहिलेले सापडते ते हेच. या दोन्हींत गोळा व दांडा एकसंध, एकाच तुकड्यात असतात. १९७० च्या दशकात 'बायपोलर' आला. त्यात लहान गोळा एका मोठ्या गोळ्याच्या आत फिरतो, म्हणजे थोडी हालचाल आतल्या आत होते आणि वाटीवरची घासण कमी व्हावी असा हेतू असतो. आपल्याला कोणता बॉल बसवला आहे याला पुढे फार महत्त्व येते, ते खाली सांगू.

अर्धा म्हणजे हलका किंवा कमअस्सल, असे मात्र समजू नये. दहा देशांतील १,४९५ रुग्णांवर अर्ध्या आणि पूर्ण सांध्याची तुलना करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण अर्ध्या सांध्यात शेकडा ८.३ आणि पूर्ण सांध्यात शेकडा ७.९ होते, म्हणजे जवळजवळ सारखेच. बहुतेकांचा अर्धा सांधा शेवटपर्यंत साथ देतो. आपण बोलतो आहोत ते ज्यांचा देत नाही त्यांच्याबद्दल.

पहिला प्रश्न : दुखणे सांध्याचेच आहे का?

कमरेच्या मणक्यातील शीर दबली तरी कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ येते. खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावरील पिशवीला सूज आली तरी त्या कुशीवर झोपता येत नाही. अशा माणसाचा बॉल बदलला तर खर्च होतो, जखम भरते आणि दुखणे जसेच्या तसे राहते. म्हणून डॉक्टर आधी 'बोट ठेवून दाखवा' म्हणतात, त्यामागे हिशोब असतो. जांघेत दुखत असेल तर संशय वाटीवर जातो. मांडीच्या मध्यावर दुखत असेल, आणि विशेषतः बसून उठल्यावर पहिली चार पावले टाकताना जास्त दुखून मग कमी होत असेल, तर संशय दांड्यावर जातो. नुसत्या कुल्ल्यात दुखत असेल तर कंबर तपासावी लागते.

कारण सापडले नाही तर 'उघडून बघू' म्हणून दुसरी शस्त्रक्रिया करणे हा शेवटचा मार्गसुद्धा नव्हे. कारण न सापडता केलेल्या शस्त्रक्रियेचा गुण सहसा येत नाही.

दुसरा प्रश्न : सांध्यात जंतू आहेत का?

बाकी कोणताही वर्ग ठरवण्याआधी हा प्रश्न निकालात काढावा लागतो, कारण पू असलेल्या सांध्यात नवा सांधा बसवला तर तोही नासतो. यासाठी रक्ताच्या ईएसआर व सीआरपी या तपासण्या करतात, आणि संशय असेल तर सुईने सांध्यातील पाणी काढून जंतूंची वाढ करून पाहतात. येथे सभासदांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ताप आला, जांघ दुखली म्हणून जवळच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून खाल्ल्या, तर पाण्याच्या तपासणीत जंतू लपून राहतात आणि निदान चुकते. गोळ्या सुरू करण्याआधी पाणी तपासलेले बरे.

जंतूंच्या बिघाडाचे १९९६ साली चार प्रकार पाडण्यात आले, ते आजही उपयोगी पडतात.

१) शस्त्रक्रियेनंतर महिन्याच्या आत जखम बिघडणे. येथे सांधा उघडून धुतात, खराब मांस काढतात, आणि सांधा पक्का असेल तर तो वाचवण्याचा प्रयत्न करतात.

२) चांगल्या चाललेल्या सांध्यात एकाएकी जंतू येणे. पायाची जखम, लघवीचा दाह, किडका दात अशा दुसऱ्या ठिकाणचे जंतू रक्तावाटे सांध्यात जातात. लवकर आल्यास येथेही धुऊन सांधा वाचू शकतो. दिवस गेले की ही संधी जाते.

३) महिन्यानंतर हळूहळू मुरलेले जंतू. दुखणे वाढत जाते, कधी जखमेतून थोडा थोडा पू वाहतो. येथे नुसते धुऊन भागत नाही, सांधा काढावाच लागतो. बहुधा दोन टप्प्यांत काम होते. पहिल्यांदा सांधा काढून औषध मिसळलेले सिमेंट तात्पुरते बसवतात, काही आठवडे अँटिबायोटिक देतात, आणि जंतू गेल्याची खात्री झाल्यावर नवा सांधा बसवतात. सिमेंटमध्ये अँटिबायोटिक मिसळण्याची ही युक्ती जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे डॉ. बुखहोल्त्स यांनी १९७० च्या सुमारास पुढे आणली. निवडक रुग्णांत हे काम एकाच टप्प्यातही करतात.

४) ढिला सांधा म्हणून बदलला आणि त्या वेळी पाठवलेल्या नमुन्यांत जंतू सापडले. येथे पुन्हा शस्त्रक्रिया न करता काही आठवडे औषध देतात.

जंतू तेच, पण वेळ आणि परिस्थिती निराळी असल्यामुळे उपाय चार झाले. वर्ग पाडण्याचा उपयोग यातच दिसतो.

तिसरा प्रश्न : वाटी झिजली का?

हा बिघाड खास अर्ध्या सांध्याचाच. धातूचा गोळा माणसाच्या स्वतःच्या वाटीत वर्षानुवर्षे फिरतो, तेव्हा वाटीचे गुळगुळीत अस्तर, ज्याला कूर्चा म्हणतात, ते घासत जाते. जास्त चालणाऱ्या-फिरणाऱ्या माणसात हे जास्त होते. एक्स-रे फोटोवरून याच्या पायऱ्या ठरवतात. शून्य म्हणजे झीज नाही. पहिली पायरी म्हणजे कूर्चा पातळ झाली, पण हाड शाबूत. दुसरी म्हणजे हाड खरवडू लागले व गोळा सरकू लागला. तिसरी म्हणजे गोळा वाटीचा तळ ढकलून कमरेच्या आत घुसू लागला.

पहिल्या पायरीवर त्रास कमी असेल तर काठी, वजन आटोक्यात ठेवणे आणि ठरावीक काळाने फोटो एवढ्यावर भागते. पुढच्या पायऱ्यांवर त्रास असेल तर वाटी बसवून अर्ध्या सांध्याचा पूर्ण सांधा करतात. तिसऱ्या पायरीपर्यंत थांबलो तर वाटी बसवायला हाडच कमी उरते आणि आत हाडाची भर घालावी लागते. म्हणजे "बघू पुढं" म्हणण्यालाही मर्यादा आहे.

बॉलचा प्रकार महत्त्वाचा ठरतो तो येथे. गोळा दांड्यावरून सुटा होणारा असेल, आणि दांडा पक्का व सरळ बसलेला असेल, तर दांडा तसाच ठेवून फक्त गोळा बदलतात व वाटी बसवतात. काम आटोपशीर होते. पण ऑस्टिन मूर किंवा थॉम्पसनसारखा एकसंध बॉल असेल तर पक्का बसलेला दांडासुद्धा उपसून काढावा लागतो. दोन्ही कामांत लागणारा वेळ, रक्त आणि खर्च यांत मोठा फरक पडतो.

चौथा प्रश्न : दांडा ढिला झाला का?

यासाठी डॉक्टर जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी धरतात. दांडा पहिल्यापेक्षा खाली बसला आहे का, तो कलला आहे का, त्याच्याभोवती काळी रेघ रुंदावते आहे का, हे पाहतात. एकट्या नव्या फोटोवरून ही गोष्ट ठामपणे सांगणे कठीण असते.

दांडा ढिला ठरला की पुढचा प्रश्न येतो, धरून ठेवायला हाड किती उरले आहे? याचे एक प्रचलित वर्गीकरण शिकागोचे डॉ. पॅप्रोस्की यांच्या नावाने ओळखले जाते. पहिल्या प्रकारात हाडाचे नुकसान नाममात्र असते, साधा दांडा पुन्हा बसतो. दुसऱ्या प्रकारात वरचा रुंद भाग पोकळ झालेला, पण खालची नळी मजबूत असते. तिसऱ्यात नळीलाही धक्का लागलेला असतो. ३-अ मध्ये नळीचा निदान चार सेंटिमीटर पक्का भाग दांड्याला पकडायला मिळतो, ३-ब मध्ये तेवढाही मिळत नाही. चौथ्या प्रकारात नळी इतकी रुंद व पातळ होते की पकडच उरत नाही.

द्राक्षबागेच्या मांडवाचा खांब रोवताना आपण हाच विचार करतो. वरची माती भुसभुशीत असेल तर खांब खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. तसेच हाड जितके कमी, तितका दांडा लांब न्यावा लागतो. चौथ्या प्रकारात तर हाडाची भर घालणे किंवा हाडाचा तो भागच धातूचा बसवणे असे मोठे काम करावे लागते. असे दांडे प्रत्येक दवाखान्यात तयार नसतात. ऐन वेळी धावपळ होऊ नये म्हणून प्रकार आधी ठरलेला बरा.

पाचवा प्रश्न : दांड्याभोवतीचे हाड मोडले का?

अर्धा सांधा बसवलेला माणूस पुन्हा पडला तर हाड बहुधा दांड्याच्या आसपास मोडते. याचे वर्गीकरण डॉ. डंकन व डॉ. मसरी यांनी १९९५ साली मांडले. ते कॅनडातील व्हँकुव्हर शहराच्या नावाने ओळखले जाते. ते असे :

ए – दांड्याच्या वर, खुब्याच्या उंचवट्यांपाशी मोडणे. पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून भागते.

बी-१ – दांड्याच्या आसपास मोडले, पण दांडा पक्का. सांधा तसाच ठेवून पट्टी, स्क्रू व तारेने हाड जोडतात.

बी-२ – तेथेच मोडले, दांडा ढिला, पण हाड चांगले. जुना दांडा काढून मोडलेल्या जागेच्या खालपर्यंत जाणारा लांब दांडा घालतात.

बी-३ – दांडा ढिला आणि हाडही कमजोर. वर सांगितलेल्या मोठ्या कामाची गरज पडते.

सी – दांड्याच्या टोकापासून बरेच खाली मोडणे. खुब्याला हात न लावता फक्त हाड जोडतात.

बी-१ आणि बी-२ यांत फोटोवर फरक थोडाच दिसतो, पण शस्त्रक्रिया अगदी वेगळ्या. स्वीडनमध्ये बसवलेल्या कृत्रिम खुब्यांची देशभर नोंद १९७९ पासून ठेवली जाते. त्या नोंदीतील अशा हजारावर मोडींचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. बी-१ समजून नुसती पट्टी मारलेल्या पुष्कळ रुग्णांत ती निकामी झाली होती, आणि यातील बऱ्याच जणांचा दांडा मुळात ढिलाच असावा, तो पक्का समजण्यात चूक झाली असावी, असे अभ्यासकांचे मत पडले. तेव्हापासून दांडा पक्का आहे की नाही हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर हाताने हलवून तपासावे, यावर भर दिला जातो. वर्ग चुकला की शस्त्रक्रिया चुकते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण आम्हांला सापडले नाही.

सिमेंटचा मुद्दाही येथेच येतो. इंग्लंडमधील एका मोठ्या तुलनेत (२०२२) सिमेंटने बसवलेल्या अर्ध्या सांध्याभोवती हाड मोडण्याचे प्रमाण शेकडा ०.५, तर बिनसिमेंटच्या आधुनिक दांड्याभोवती शेकडा २.१ आढळले. आजीचे हाड ठिसूळ असेल तर पहिल्याच शस्त्रक्रियेच्या वेळी याबाबत डॉक्टरांना जरूर विचारावे.

सांधा निखळणे

उकिडवे बसणे, मांडी घालणे, अगदी बुटक्या पाटावरून वाकून उठणे यांत गोळा वाटीबाहेर येतो. पाय आखूड होतो, एकीकडे वळतो आणि टेकवत नाही. पहिल्यांदा निखळला तर बहुधा भूल देऊन ओढून बसवतात. बायपोलरचे दोन गोळे एकमेकांतून सुटले असतील तर उघडावेच लागते. वारंवार निखळू लागला तर दांडा वाकडा बसला आहे, स्नायू सैल आहेत की आत जंतू आहेत, हे शोधून त्याप्रमाणे उपाय करतात. गावात कोणी ओढून बसवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. त्यात हाड मोडण्याचा धोका असतो.

सभासदांनी काय करावे

दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. जुन्या जखमेतून जावे लागते, रक्त जास्त जाते, आणि अर्ध्याचा पूर्ण सांधा केल्यावर निखळण्याचा धोकाही जास्त असतो. म्हणून ती करायची तर नेमक्या कारणासाठी करावी. त्यासाठी घरच्यांनी एवढे करावे :

१) पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद व त्यावर चिकटवलेले बॉलचे लेबल जपून ठेवावे. सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवले तरी चालेल, पण हरवू नये. लेबल नसेल तर त्या दवाखान्यातून नोंदीची नक्कल मागून घ्यावी.

२) शस्त्रक्रियेनंतर लगेच काढलेला एक्स-रे फोटो टाकून देऊ नये. पुढची सगळी तुलना त्याच्याशीच होते.

३) दुखण्याची जागा, केव्हापासून, बसून उठताना की रात्री पडल्यावर, हे कागदावर लिहून न्यावे. म्हातारी माणसे डॉक्टरांपुढे "बरं आहे" म्हणून मोकळी होतात.

४) डॉक्टरांना सरळ विचारावे : दुखण्याचे कारण कोणते ठरले? जंतू नाहीत याची तपासणी झाली का? दांडा ठेवणार की काढणार? हाडाचा प्रकार कोणता? लागणारे सामान येथे मिळेल का?

५) ऊसबिलातून उचल मागण्यापूर्वी ही शस्त्रक्रिया सरकारी आरोग्य योजनेत बसते का, हे दवाखान्यातील आरोग्यमित्राला विचारावे.

एकाएकी उभे राहता न येणे, पाय आखूड होणे, जखमेतून पू येणे, थंडी वाजून ताप येणे, यांपैकी काहीही झाले तर तोडीची पाळी, लग्नकार्य असे काही न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाकी दुखण्याला चार दिवस तपासणीला गेले तरी बिघडत नाही. प्लॉटवर उभे राहून बेट उपटून पाहिल्याशिवाय आम्ही खोडवा मोडा असे सांगत नाही. आपल्या खुब्याच्या बाबतीतही कारण कळल्याशिवाय 'काढा आणि टाका' याला कोणी होकार देऊ नये, एवढेच आमचे सर्व सभासदांना व त्यांच्या मुला-सुनांना नम्र आवाहन आहे.

– ऊस विकास अधिकारी